दोरा कुठं बांधलाय?

दुष्काळाच्या साली आमच्या गावात बैलसुद्धा बसले, पण मी बसले नाही.

याचा आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, फार अभिमान होता. शेजारच्या गयाबाईंना त्या सांगायच्या, "आमची सून बगा! वरीस झालं, एक डाव टेकलेली बगितली न्हाई!" खरी गोष्ट अशी की मला टेकताच येत नव्हतं. माणूस जिथं टेकतं नेमकं तिथंच गळू झालं होतं. ते फुटलं, बरं वाटलं, पुन्हा भरलं, पुन्हा फुटलं. असं वर्षभर. लुगडं गुपचूप धुवायचं आणि सगळ्यांच्या लुगड्यांमागं वाळत घालायचं. सांगणार कुणाला? ज्या जागेचं नाव मी मनातसुद्धा घेत नव्हते, तिचं गाऱ्हाणं तोंडानं कसं करायचं!

शेवटी धीर करून मालकांना म्हटलं, "माझी बसायची जागा खराब झालीया." त्यांनी ते जसंच्या तसं आत्याबाईंच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी चुलीपुढची माझी बसायची जागा उकरली, चोपली आणि शेणानं सारवून दिली. "बस आता," म्हणाल्या. (जन्मात त्यांनी माझ्यासाठी केलेलं ते एकच काम, आणि तेही वाया गेलं!)

मग खडीचं काम निघालं. बाकीच्या बाया पोतं अंथरून बसायच्या आणि खडी फोडायच्या. मी आपली उभ्यानं पाट्या वाहायची. मुकादम ओरडायचा, "ह्या बाईकडं बगा जरा! न्हाई तर तुमी, बुडाला डिंक लावल्यावानी बसलाय!" बुडाचं नाव निघालं की माझे कान तापायचे. बाया माझ्याशी बोलेनाशा झाल्या. "आली बगा मुकादमाची लाडकी!" म्हणायच्या. एक दिवस तापानं फणफणून पाटीसकट आडवी झाले, तेव्हा कुठं मालकांनी मला शेवगावहून एस.टी.नं नगरला नेलं. कंडक्टर सारखा म्हणत होता, "ताई, जागा रिकामी हाय, बसा की!"

"तिला सवय न्हाई," मालक म्हणाले.

नगरच्या दवाखान्यात सिस्टरनं पडदा ओढला. डॉक्टर तपासत होते तोवर मी डोळे गच्च मिटून घेतले. (मी मिटले म्हणजे त्यांनाही दिसणार नाही, अशी माझी समजूत!)

"भगंदर आहे," डॉक्टर मालकांना म्हणाले. "आतून बाहेरपर्यंत बारीक बीळ झालंय. मलमानं ते भरायचं नाही. दोन उपाय आहेत. एक, बीळ कापून उघडं करायचं, पण मग पंधरा दिवस पडून राहावं लागेल. दुसरा, निवडुंगाचा चीक, क्षार आणि हळद बसवलेला दोरा त्यातून ओवून बांधायचा. उपाय जुनाच, पण आता नव्यानं करायला लागलेत. दर आठवड्याला दोरा बदलायचा. तो हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते."

"दोऱ्यावर काम करता येतं का?"

"चालता-फिरता येतं."

"मग दोराच बांदा," मालक म्हणाले.

बीळ माझं, दोरा मला, पण मला कुणी विचारलं नाही. मी तरी कुठं तोंड उघडलं!

"डाक्तरनी दोरा बांदलाय." घरी आल्यावर मालकांनी एवढंच सांगितलं आणि ते बाहेर पळाले. आत्याबाईंचा चेहरा उजळला. "ताप आला तवाच मी म्हनले हुते, हे बाहेरचं हाय! डाक्तरलाबी पटलं बग!"

गयाबाई धावत आल्या. "कुठं बांदलाय गं? मनगटाला न्हाई, दंडाला न्हाई, गळ्यातबी न्हाई."

"कमरेला," मी म्हटलं. (फार खोटं नव्हतं. जरा खाली.)

"कमरेला म्हंजी पोरासाठी! दोन पोरींवर आता पोरगाच हुतो बग. माझ्या सुनेलाबी एक आन!"

तीन दोरे झाले. ठणका पुष्कळ कमी झाला. अजून तीन आठवडे, मग बसायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि आमचे चुलत सासरे वारले.

"दोरा सोड," आत्याबाई म्हणाल्या. "सुतकात अंगावरचा दोरा बाटतो."

"सुटत न्हाई, आत्याबाई."

"मग कापू. लाजतीस कशाला? हो पुढं, मी कापते!" आणि त्या कात्री घेऊनच आल्या! भावकीतल्या सगळ्या बाया बघायला लागल्या.

एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. दोरा देवाचा नाही, दुखण्याचा आहे, आणि भलत्या जागी आहे. पण त्या वाक्यापेक्षा मला कात्री सोपी वाटली. न्हाणीत गेले, दातओठ खाऊन दोरा कापला, ओढून काढला, धुतला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"हळदीचा हाय!" आत्याबाईंनी तो उजेडात धरून बघितला. "चांगल्या मानसानं दिलेला दिसतोय."

सुतक फिटल्यावर त्यांनी दोऱ्यावर गोमूत्र शिंपडलं, कुंकू वाहिलं आणि तो देव्हाऱ्यात देवांच्या टाकांशेजारी ठेवला. रोज सकाळी सगळ्या घरानं त्याच्यापुढं हात जोडायचे! मालकही जोडायचे. दोरा कुठून आलाय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. माझ्याकडं चोरून बघायचे आणि पुन्हा वाकायचे.

सुतकात गाव सोडायचं नाही म्हणून दवाखानाही चुकला होता. गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दोरा कुठाय?"

"देव्हाऱ्यात."

सिस्टर भिंतीकडं तोंड करून हसायला लागली. डॉक्टर हसले नाहीत. "वरून तोंड बंद झालंय बाई, आत पू साठलाय. आता पुन्हा पहिल्यापासून."

म्हणजे आणखी दोन महिने उभ्यानं. उभ्यानं जेवले, उभ्यानं भाकरी थापली, आणि येता-जाता देव्हाऱ्यातल्या त्या दोऱ्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. (मग देवाची माफी मागितली. तीही उभ्यानंच.)

पण बरी झाले. एका दुपारी चुलीपुढच्या त्या सारवलेल्या जागेवर हळूच टेकले. दुखलं नाही. मग पाय पसरले. दीड वर्षानं मी बसले होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

तेवढ्यात ओसरीवरून आत्याबाईंनी मला बघितलं आणि त्यांचा आवाज आला. "कसला दोरा नि कसलं काय, गयाबाई! चांगली उभी ऱ्हानारी सून, डाक्तरनी बसवून दिली!" आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "बसलीस व्हय गं?"

"न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले, आणि कुठं काही दुखत नसताना ताडकन उठून उभी राहिले!