आरतीचा चटका

देवीनं माझं ऐकणं सोडलंय, असं त्या वर्षी मला मनापासून वाटत होतं. घुग्घुसच्या खाणीत पत्र्यानं उजवं मनगट चिरलं आणि आतली नस तुटली. ज्या बोटांनी भजनी मंडळात खंजिरी वाजवायचो, तीच मुकी झाली. चहाच्या कपानं भाजलं, तरी फोड दिसल्यावर कळायचं.

नागपूरच्या डॉक्टरांनी पायातली नस काढून मनगटात जोडली. माझ्याच कमरेच्या हाडातल्या मूळपेशी, ज्यांना ते स्टेम सेल म्हणत, त्या जोडावर सोडल्या. हा अजून प्रयोग आहे, हमी देत नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. नस केसाकेसानं वाढते, धीर धरा, म्हणाले. मी कसला धीर धरतोय! सकाळ झाली की बोटं चिमटून पाहायचो आणि बायकोवर डाफरायचो. खंजिरी कपाटावर धूळ खात पडली.

चैत्रात बायकोनं मला ओढतच चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेला नेलं. आरतीचं ताट समोर आलं आणि मी डावा हात पुढे केला. शेजारची एक अनोळखी म्हातारी करवादली, "डाव्या हातानं आरती काऊन घेऊन राह्यला, भाऊ?"

"उजव्याले काही समजत नाई, माय. भाजला तरी पत्ता लागत नाई."

"मंग माह्या हातावर ठेव. मले समजते ना."

तिनं माझा पंजा आपल्या तळव्यावर घेतला आणि दोन्ही हात ज्योतीवर धरले. आच तिला लागत होती. माझ्यासाठी ती सोसतेय हे पाहून मला रडूच कोसळलं. बोटं बरी कर, हे देवीकडचं रोजचं मागणं त्या वेळी ओठांवर आलंच नाही. तिनं हात काढून घेतला, माझा अंगठा क्षणभर ज्योतीपाशी राहिला, आणि चटका बसला. मी ओरडलोच.

"लागलं काय?" बायको घाबरली.

"लागलं! अवं, लागलं!" मी रडता रडता हसत होतो. वळून पाहिलं, तर म्हातारी गर्दीत पुढे निघून गेली होती.

नंतर डॉक्टरांनी मनगटापासून पुढे बोटानं ठोकत, झिणझिण्या कुठवर येतात ते तपासलं आणि नस वाढतेय म्हणाले. पेशींमुळे की आपसूक, ते त्यांना सांगता आलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. त्यांचे उपकार मानतो, देवीचेही मानतो. खंजिरी पुन्हा हातात आली आहे.

तर्जनी मात्र अजून मुकीच आहे. तिचं काय करायचं ते देवी पाहील. आरती घेताना मी त्या बोटाखाली डावा तळवा धरतो, त्या माउलीनं धरला होता तसा.