खाऱ्या पाण्याचे अण्णा

आमच्या पिंपळवंडीत सगळ्यांची सकाळ सूर्य उगवला की होई; अण्णांच्या माशांच्या टाकीतली सकाळ वीज आली की होई. लोडशेडिंगचे वेळापत्रक त्यांनी काचेलाच चिकटवले होते. वीज दुपारी येणार असेल, तर त्या आठवड्यात प्रवाळांची पहाट दुपारी. "आपला सूर्य पाळीनं उगवतो, भाऊ," असे मला सांगत.

अण्णा जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा वहिनी अर्धांगवायूने खाटेला खिळल्या होत्या. "दर सुट्टीला म्हनायचो, एकदा समिंदर दावतो. राह्यलंच की ते." म्हणून खाटेसमोर पुरुषभर लांब काचेची टाकी उभी राहिली, मुंबईहून मीठ, मासे आणि जिवंत प्रवाळ आले. पारावर थट्टा चाले: "बायका हंडाभर पाण्याला रानोमाळ हिंडत्यात, आन अण्णा पाण्यात मीठ कालवतोय!"

हीच मंडळी आज सांगतात की अण्णा चिक्कू होते. भंगारातला दिवा लावला, म्हणून प्रवाळ मेले. हे धादांत खोटे आहे. दिवा पुण्याच्या जुन्या बाजारातला होता हे खरे, कारण जवळचा पैसा औषधांत जाई. पण मैदानावर लावतात तसला तो प्रखर मेटल हॅलाइड दिवा त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा घासून, मागे आरशासारखा बसवून, पाण्यावर हातभर उंच टांगला होता. पाणी तापू नये म्हणून शेजारी टेबलफॅन. "ह्यांचं जेवान म्हंजे उजेड," ते म्हणत, "आन जेवान मोजूनच वाढावं लागतं." त्या उजेडात दीड वर्ष प्रवाळ वाढले. वहिनी चालता हात उचलून दाखवीत, "ह्यो जांभळा बगा, त्येला नवं बोट फुटलंय." एवढ्यासाठी त्या सकाळी डोळे उघडत, असे अण्णा म्हणत. मी ते पाहिले आहे.

यात्रा आली. कमिटीचा प्रमुख मी. कुस्त्या अंधार पडेपर्यंत लांबत, आणि यात्रेसाठी ज्याच्या घरी जे असेल ते द्यायचे, अशी आमची रीत. मी दिवा मागितला. अण्णा तो स्वतः उतरवून देत म्हणाले, "दोन दिस ट्यूबांवर काढतील. पर काच जपा, भाऊ."

दुसऱ्याच दिवशी वहिनींना धाप लागली. त्यांना पुण्याला नेताना अण्णांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली. इकडे आखाड्यात कुणीतरी भिरकावलेला नारळ दिव्यावर आदळला आणि पुढची काच फुटली. मी तुकडे नीट काढले, दिवा पुसला. लागत होता, उलट अधिकच लखलखीत. उपाशी जिवांना लवकर उजेड मिळावा म्हणून मीच तो टाकीवर टांगला आणि वीज असेल तेवढा वेळ चालू ठेवला.

तीन दिवसांनी अण्णा वहिनींना घेऊन परतले. टाकीत सगळे पांढरेफटक. अण्णांनी वर पाहिले, दिवा बंद केला. "काच उजेडासाठी नसती, भाऊ. उजेडातलं जाळणारं अडवायला असती." आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरे वाटले असते. वहिनी खाटेवरून बघत होत्या. "हाडावानी दिसतंय," म्हणाल्या, आणि कूस वळवून देण्यास सांगितले. पुन्हा टाकीकडे तोंड करून त्या निजल्या नाहीत. महिन्याच्या आत गेल्या.

पारावर अण्णांच्या चिक्कूपणाची कथा रंगे, तेव्हा ते तिथेच बसलेले असत. माझे नाव त्यांनी कधीच घेतले नाही, आणि मीही घेतले नाही.

पुढे टाकी रिकामी करायची वेळ आली. ते खारे पाणी आपल्या रानात कोण घेणार? मी म्हणालो, "माझ्या रानात, बांधाकडच्या तुकड्यात ओता." पिंपामागून पिंप आम्ही दोघांनी वाहिले. नंतर अण्णा मुंबईला गेले, ते परतले नाहीत.

त्या तुकड्यात पुढे कैक वर्षे गवताची काडी उगवली नाही. लोक म्हणतात, ती जमीन मुळातच खारवट. तेही खोटे आहे.