रुक्माबाईची नागपूरची रात्र

रुक्माबाईला तांड्यात येऊन किती वर्षं झाली, असं विचारलं तर ती मुलाचं, शामचं वय सांगते आणि त्यात दोन मिळवून घ्या म्हणते. पण लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात कुडाच्या भिंतीआडून ऐकलेलं सासू-सासऱ्याचं भांडण तिला शब्दनशब्द आठवतं. भांडण गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत झालं, इथं ते सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत. सासू म्हणत होती, मले एकदा नागपूर दाखवा. सासरा रूपसिंग म्हणाला, काय काम हाय? सासू म्हणाली, काम नाही म्हणूनच जायचं हाय. हे ऐकून रूपसिंग जरा गडबडला, कारण बिनकामाचं जाणं त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. मग त्याला सुचलं.

"रात्री झोपशील कुठं? तिथं आपलं कोण हाय?"

"तुमचे बापदादे बैलांवर मीठ लादून मुलुखभर हिंडले," सासू म्हणाली. "तवा त्या बैलांचं कोण होतं तिथं?"

रूपसिंग उठून बाहेर गेला. उत्तर नसलं की तो बाहेर जाई. सासू काही नागपूरला गेली नाही आणि पुन्हा तिनं तो विषयही काढला नाही. रुक्मानं मात्र ते भांडण ठेवून दिलं, जसं आपण जुनं पातेलं ठेवतो, कधीतरी लागेल म्हणून.

तिचं स्वतःचं हिंडणं काही फार झालं नाही. नवरा लखीराम वणीच्या खाणींवरून कोळशाचा ट्रक चंद्रपूरकडे न्यायचा, त्यामुळे घरातलं सगळं हिंडणं त्याच्या वाट्याला आलं आणि घर हिच्या. कापूस वेचायचा, तूर कापायची, म्हशी पाळायच्या. गाव सोडून कुठं रात्र काढली तर ती लग्नात, मयतीत, नाही तर दवाखान्यात कोणाच्या तरी खाटेखाली.

तिची रोजची फेरी मात्र कधी चुकली नाही. तांड्यावरून दूध आर्णीला. आधी डोक्यावर कॅन घेऊन पायी, पुढं मुलगा शाम मोठा झाला तेव्हा त्याच्या गाडीवर मागे बसून. शाम चहाच्या टपऱ्यांना दूध घालायचा, तोवर रुक्माबाई विमलताईंच्या दारात उतरायची. विमलताई म्हणजे आर्णीतल्या चांगल्या शेतीवाल्या घरच्या. नवरा गेलेला, मुलगा पिंटू पुण्यात नोकरीला. पुण्यात त्याला काय म्हणतात कोण जाणे, आर्णीत तो पिंटूच.

माप ओतायचं, वरून एक धार जास्त सोडायची आणि उभ्या उभ्या बोलायचं. रुक्माबाई पायरीवर, विमलताई उंबऱ्याच्या आत. तीसेक वर्षं हेच. शामचा हॉर्न वाजला की गोष्ट जिथं असेल तिथं तुटायची. "उरलेलं उद्या," विमलताई म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी दुसरंच काहीतरी निघायचं. अशा अर्ध्या गोष्टींचा नुसता ढीग साचला होता.

मग औंदा पिंटूनं ठरवलं की दिवाळी झाली की आईला कायमची पुण्याला न्यायची. घर भाड्यानं द्यायचं. विमलताईंनी हे दूध घेता घेता सांगितलं आणि रुक्माबाईच्या हातून माप जरा जास्तच कलंडलं.

"ताई," ती म्हणाली, "आपण एकदाही बसलो नाही."

दोघींना मग एवढंच पाहिजे होतं. एक दिवस, एक रात्र, जिथं हॉर्न वाजणार नाही. विमलताईंच्या घरी बसावं तर शेजारणी येऊन बसतात, तांड्यावर बसावं तर म्हशी. रुक्माबाईला ते जुनं पातेलं आठवलं. नागपूर, ती म्हणाली.

विमलताईंनी पिंटूला फोनवर नुसतं विचारून पाहिलं. तो म्हणाला, आई, या वयात? पुण्याला ये, मी सगळं दाखवतो. आणि राहाल कुठं, नागपुरात आपलं आहे कोण? इकडे लखीरामही जेवता जेवता हेच म्हणाला, आणि बापासारखाच उठून बाहेर गेला.

उत्तर सुनेकडे होतं. बबिता बचत गटाचं काम करते, तिच्या मोबाइलात सगळं असतं. तिनं एका दुपारी बसल्या जागी एसटीच्या दोन खिडकीजवळच्या जागा धरल्या आणि नागपुरात सीताबर्डीला एक खोली घेतली. खोलीचे फोटो आधीच पाहायला मिळाले, मोरीसकट. कोण कोण तिथं राहून गेलं आणि काय म्हणालं तेही तिनं वाचून दाखवलं. एकानं लिहिलं होतं, चादरी स्वच्छ आहेत, माणसं भली आहेत, पंखा आवाज करतो. रुक्माबाई म्हणाली, पंखा आपलाही करते.

बबितानं आपला मोबाइल सासूला देऊन टाकला, दोन दिवसांसाठी. रुक्माबाई दुसरीपर्यंत शिकलेली, अक्षरं जुळवेपर्यंत बस निघून जायची. म्हणून बबितानं पहिल्याच पानावर चार चौकोन ओळीनं लावले. बस, खोली, नकाशा, ऑटो. चुलीमागच्या फळीवर तिखट, मीठ, हळद, जिरं यांच्या बरण्या असतात तसे. बरणीवर नाव कोण वाचतं, हात बरोबर जातो. आठवडाभर रुक्माबाईनं सराव केला. एकदा गोठ्यात बसल्या बसल्या तिनं चुकून ऑटो बोलावला, पण तांड्यावर तो येणारच नव्हता.

राहिली एकच अडचण. पिंटूनं आईच्या मोबाइलात एक ॲप टाकून ठेवलं होतं. आई कुठं आहे त्याचा ठिपका त्याला पुण्यात दिसायचा. मोबाइल बंद केला तर तो शेजारच्यांना फोन लावणार. नेला तर ठिपका नागपूरला जाणार. तेव्हा असं ठरलं, की विमलताईंचा मोबाइल घरातच चार्जिंगला राहील. सकाळी त्या पिंटूला रोज फुलाचं चित्र पाठवतात, ते शामनं दुधाच्या फेरीत कुलूप उघडून पाठवायचं. पाठवायचं, मोबाइल होता तिथं ठेवायचा आणि निघायचं.

दिवाळीच्या आधी एका मंगळवारी भल्या सकाळी दोघी निघाल्या. यवतमाळ गेलं, वर्धा गेलं. बसमध्ये त्या फारसं बोलल्या नाहीत. तीस वर्षं उभ्यानं बोलायची सवय, बसून जमेना. शिवाय पुढच्या सीटवरचा माणूस कान देऊन होता.

नागपूरला उतरल्यावर रुक्माबाईनं चौथा चौकोन दाबला आणि खरंच एक ऑटो येऊन समोर उभा राहिला. ड्रायव्हर म्हणाला, मावशी, ओटीपी सांगा. रुक्माबाईनं मोबाइल पदराखाली घेतला. बचत गटाच्या बैठकीत बँकेचा साहेब आला होता, त्यानं दोनदा बजावून सांगितलं होतं की मोबाइलवर आलेला नंबर सख्ख्या भावालाही सांगायचा नाही. ड्रायव्हर म्हणाला, त्याशिवाय गाडीच चालू होत नाही. ती म्हणाली, चावीनं होते. विमलताईंनी ड्रायव्हरकडे पाहिलं, तो चेहऱ्यानं काही चोर वाटेना. तरी रुक्माबाई हलली नाही. शेवटी ड्रायव्हरनंच आपल्या फोनवरून शामचा नंबर लावून बबिताशी बोलणं करून दिलं. बबिता सासूला याडी, म्हणजे आई म्हणते; तिनं सांगितलं, याडी, हा नंबर सांगायचाच असते. तेव्हा रुक्माबाईनं तो ड्रायव्हरच्या कानाशी जाऊन हळू सांगितला.

खोलीच्या ठिकाणी टेबलामागे एक तरणा माणूस होता. त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं, कुठून आलात, किती राहणार, आधार कार्ड दाखवा. रुक्माबाईला बरं वाटलं. परक्या तांड्यावर गेलं तरी तिथला मुखिया, नायक, हेच विचारतो, आधार कार्ड सोडून. तिनं पिशवीतून तुरीच्या डाळीचं गाठोडं काढून टेबलावर ठेवलं. कोणाच्या छपराखाली रात्र काढायची तर हात रिकामा नेत नाहीत. मालकीणबाईला द्या, ती म्हणाली. तो माणूस म्हणाला, इथं मालकीण नाही. मग तुझ्या मायले दे, रुक्माबाई म्हणाली, घरची डाळ हाय, लवकर शिजते. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि गाठोडं टेबलाखाली ठेवलं.

खोली फोटोसारखीच होती. पंखाही लिहिल्यासारखाच. विमलताई पलंगाच्या कडेवर बसल्या, रुक्माबाईनं पाय वर घेतले, आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. बबिता होती, तिच्या नवऱ्याच्या फोनवरून.

झालं असं होतं. शामनं सकाळी फूल पाठवलं, बरोबर वेळेवर पाठवलं, आणि हातातला मोबाइल सवयीनं खिशात टाकून पुढं निघाला. पुण्यात पिंटूला दिसलं, की आई बस स्टँडच्या चहाच्या टपरीवर आहे. मग दुसऱ्या टपरीवर. मग पानठेल्याशी बराच वेळ. मग आई गाडीच्या वेगानं गावाबाहेर निघाली आणि तांड्यावरच्या गोठ्यात जाऊन थांबली ती थांबलीच. त्यानं फोन लावला. शामचा शर्ट गोठ्यातल्या खुंटीला, खिशात फोन आणि तिथं लखीराम म्हशीला पेंड घालत होता. त्यानं उचलला.

आता लखीरामनं खोटं बोलायला काही हरकत नव्हती. पण ट्रकवाल्याला पोलिसाशी खोटं बोलता येतं, आईला शोधणाऱ्या पोराशी नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं. पिंटू संतापला. म्हणाला, काका, दोन म्हाताऱ्या बाया, नागपुरात आपलं कोण आहे तिथं?

"मग?" रुक्माबाईनं विचारलं.

बबिता म्हणाली, बाबा जरा वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "काहून? रुक्मा हाय ना तिथं."

बबितानं दोनदा हॅलो म्हटलं. मग सांगितलं, की पिंटूनं हा नंबर घेतला आहे, आता त्याचाच फोन येईल.

तो आलाच. रुक्माबाईनं मोबाइल विमलताईंकडे दिला. पिंटूचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. रागावणं लवकर संपलं, मग तो व्यवस्थेला लागला. त्याच्या ऑफिसातल्या मित्राचे सासू-सासरे नागपुरात राहतात, मोठं घर आहे, ते सहाला गाडी घेऊन येतील, दोघींनी तिथं जेवायचं, तिथंच झोपायचं, म्हणजे त्याच्या जिवाला घोर नाही. म्हणणं काही वाईट नव्हतं. रुक्माबाईनं पलंगावरून पाय खाली घेतले आणि पिशवी जवळ ओढली. तिला वाटलं, संपलं.

विमलताई त्या पांढऱ्या चादरीकडे पाहत होत्या.

"पिंटू," त्या म्हणाल्या, "लोकाच्या घरी गेली की मले पोया लाटू लागा लागते. त्यांच्या सुनेशी बोला लागते. आज मी कोणाची पाहुणी नाही. मी इथंच झोपणार हाय."

मग तो म्हणाला, निदान लोकेशन तरी पाठव. रुक्माबाईनं नकाशाचा चौकोन दाबून खटपट केली, ते काही जमलं नाही, म्हणून तिनं खोलीचा फोटो काढून पाठवला. त्यात पलंग आला, पंखा आला आणि विमलताईंचे पाय आले. पिंटूकडून अंगठा आला.

संध्याकाळी दोघी नकाशातल्या बाईच्या मागं मागं फुटाळा तलावावर गेल्या. ती बाई म्हणे, डावीकडे वळा. या उजवीकडे वळल्या तरी ती चिडत नव्हती, मुकाट्यानं दुसरी वाट सांगत होती. विमलताई म्हणाल्या, अशी सासू पाहिजे होती. मेट्रोतही बसल्या. कणीस खाल्लं. तलाव बरा होता, तलावासारखा.

खरं नागपूर खोलीत परत आल्यावर झालं. रुक्माबाईनं विचारलं, "ताई, तुमची ते यवतमाळची जाऊ घर सोडून गेलती, तिचं पुढं काय झालं?" ही गोष्ट शामच्या जुन्या गाडीच्या काळात तुटली होती. विमलताईंनी ती पुरी केली. मग त्यांनी विचारलं, लखीरामनं त्या पुराच्या साली ट्रक कसा काढला होता. रुक्माबाईनं सांगितलं. एकेक अर्धी गोष्ट निघत गेली, काहींची सुरुवातच दोघीही विसरल्या होत्या, त्या सोडून दिल्या. मध्येच विमलताई म्हणाल्या, की पुण्याला जायचं मन नाही. रुक्माबाई म्हणाली, माहीत हाय. जा तरी. पंखा आवाज करत होता आणि त्यांना त्याचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परतताना टेबलावरच्या माणसानं विचारलं, मावशी, आमच्याबद्दल काही लिहाल का मोबाइलवर? पाच चांदण्या द्यायच्या असतात म्हणे. रुक्माबाई म्हणाली, डाळ शिजली की तुझ्या मायलेच विचार.

घरी लखीरामनं नागपूर कसं आहे ते विचारलं नाही. फक्त म्हणाला, झोप लागली का? ती म्हणाली, लागली नाही, आणि हसली. या वेळी तो उठून बाहेर गेला नाही.

दिवाळी झाली. पिंटू गाडी घेऊन आला. निघायच्या दिवशी सकाळी घरात खोकी बांधलेली, भांडी गुंडाळलेली. पिंटू म्हणाला, आई, आता दूध कशाला, दहाला निघायचं आहे. पण ओट्यावर पातेलं बाहेर काढून ठेवलेलं होतं. शामची गाडी थांबली, रुक्माबाई उतरली. विमलताई पातेलं घेऊन दाराशी आल्या आणि आत ये, बस म्हणाल्या. रुक्माबाई पायरीवरच उभी राहिली. अजून दोन घरं बाकी आहेत, म्हणाली. तिनं माप भरून ओतलं आणि वरून एक धार सोडली. पिंटू आतून विचारत होता, चार्जर कुठं आहे. विमलताई कालच्या भाडेकरूचं सांगायला लागल्या, कसा तो आला, घर पाहताना आधी देवघरातच कसा शिरला, आणि हॉर्न वाजला.

"उरलेलं उद्या," विमलताई म्हणाल्या.

रुक्माबाईनं कॅनचं झाकण घट्ट केलं आणि शामच्या मागे जाऊन बसली.