शेंगा सोलणारी म्हातारी

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एक मराठी गृहस्थ वर्षभर माझ्या शेजारी बसायचे. नाव विचारायचं राहूनच गेलं. बस सुटली की ते फोनवर इटलीतल्या एका छोट्या गावच्या म्युझियममधली चित्रं उघडत, भराभर सरकवत आणि एकाच चित्रापाशी थांबत. दारात बसून शेंगा सोलणारी म्हातारी. तिकडच्या रिफायनरीत असताना दर रविवारी तिला बघायला जायचे म्हणे.

"एवढं काय आहे हो तिच्यात?" मी एकदा विचारलं.

"आमच्या आईचा एकही फोटो नाही. कॅमेरा दिसला की आत पळायची. ही बसून राहते."

प्लांटच्या गेटवर फोन जमा करावे लागत. आम्ही बाकीचे आपापले ट्रेमध्ये आपटायचो. हे गृहस्थ मात्र फोन उताणा ठेवत आणि हळूच म्हणत, "येतो गं."