खांबाला बांधलेली राखी

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. सुरतेत रस्त्यांवरच्या सरकारी कॅमेऱ्यांची चित्रं पाहत बसायची माझी नोकरी. गोडादऱ्याच्या नाक्यावरची चहावाली मला रोज पडद्यावर दिसायची. सकाळचा पहिला कप देवाच्या नावानं रस्त्यावर ओतून ती कॅमेऱ्याकडे बघून हसायची. राखीपौर्णिमेला तर तिनं कॅमेऱ्याच्या खांबालाच राखी बांधली. मला राहवेना. चहा प्यायला गेलो आणि विचारलं, "खांबाला राखी कशाला, ताई?"

"वरतीन भाऊ देखी राह्यना ना, बघतोय तो! घरवाल्यापेक्षा तोच बरा, माझ्याकडं लक्ष तरी ठेवतो."

तो भाऊ मीच, हे सांगायची हिंमत झाली नाही.

पुढे कापडाच्या लूमचे कामगार नाक्यावर धरणं धरून बसले. तिनं त्यांना फुकट चहा पाजला. आमच्या साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं, "ही कोण?" चित्र अंधुक होतं, तसंच राहू देता आलं असतं. मी चेहरा मोठा करून दिला. तिला दिवसभर पोलीस चौकीत बसवलं, तिची लारी, चहाची हातगाडी, उचलून नेली.

आता ती लांब भेस्तानच्या नाक्यावर चहा विकत बसते. तेही मला कॅमेऱ्यातूनच कळलं. ती आता मान वर करत नाही. समोर जाऊन, "ताई, तुमचा चेहरा मी दिला," एवढं सांगणं माझ्याकडून अजून राहिलंय.