मामाची मुकी गाडी

"हॉर्न दिला होता म्हणे."

वामनमामा गेल्याची बातमी माझ्यापर्यंत आली ती या वाक्याने. मी वडिलांच्या छापखान्यात ओल्या शाईचं प्रूफ वाचत बसले होते आणि दारात येऊन उभा राहिलेला शेजारचा दुकानदार काय झालं ते सांगायच्या आधी हे सांगत होता. उरण रस्त्यावर मिठागरांच्या फाट्याला मामा एसटीतून उतरला, खांद्याला बॅग अडकवून रस्त्याच्या कडेने चालू लागला. मागून दगड भरलेली लॉरी आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, पुन्हा पुन्हा दिला, आणि मामाने मागे वळून पाहिलं नाही. तेव्हापासून कितीतरी आठवडे झाले. बाजारात, टपाल कचेरीत, कुठेही कोणी भेटलं की हेच वाक्य कानावर येतं. त्यात ड्रायव्हरची बाजू घ्यायची नसते की मामाला दोष द्यायचा नसतो. लोकांना फक्त एवढंच म्हणायचं असतं की जे झालं ते रीतसर झालं. मला ते वाक्य सहन होत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

वामनमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ, पनवेलचा डॉक्टर. सकाळी गावातला दवाखाना, दुपारनंतर खाडीकाठची गावं. त्या गावांत शेती आणि मिठागरं करणारी माणसं, काही कोळी, आणि औषधाच्या नावाने काही नाही. मला अक्षरओळख झाली तीच छापखान्यातल्या पत्रकांवरून. 'अन्याय' हा शब्द मला 'अननस'च्या आधी वाचता येत होता, असं मामा पाहुण्यांना सांगायचा. मोठी झाल्यावर मीच पत्रकं लिहू लागले. खाडीकाठच्या गावांना सरकारी दवाखाना मिळालाच पाहिजे, हे माझं पहिलं पत्रक, आणि दुसरं, आणि नंतरची बरीचशी. ती वाटायला मी मामाच्याच गाडीतून जायचे. गाडी चालवता चालवता तो एखादं पत्रक उचलून वाचायचा. "विशेषणं फार झाली गं," म्हणायचा. "छाती भरून आलेला माणूससुद्धा माझ्याकडे येऊन एवढी विशेषणं लावत नाही. कुठे दुखतं तेवढं सांगतो."

"तुझे पेशंट सोसतात म्हणून तुझं चालतं," मी म्हणायचे.

"आणि तुझी पत्रकं मी वाटतो म्हणून तुझं चालतं," तो म्हणायचा.

ती गाडी मामाने मुंबईच्या एका साहेबाकडून जुनी घेतली होती. तिच्यात कारखान्यातूनच बसवून आलेला रेडिओ होता. पनवेलमध्ये तेव्हा घरात रेडिओ असणं हीच मोठी गोष्ट, त्यामुळे गाडीतला रेडिओ बघायला लोक काचेला नाक लावायचे. पण त्याचा उपयोग काही नव्हता. गाडी चालू झाली की दारं खडखडायची, पत्र्याच्या तळाला खडी ताडताड लागायची, आणि त्या सगळ्याखाली रेडिओचा आवाज बुडून जायचा. गाडीचा हा खडखडाट खाडीपलीकडे ऐकू यायचा. गावातल्या लोकांनी त्याची एक रीत करून टाकली होती. ज्याच्या घरात आजारी माणूस असेल तो रस्त्यावर येऊन वाट बघत बसायचा नाही, कामाला लागायचा. खाडीच्या बांधावरच्या रस्त्यावरून खडखड ऐकू आली की हातातलं टाकून रस्त्याला यायचं, तोवर मामा तिथे पोचलेलाच असायचा. भात, मीठ, चूल, कुणाचंच काम खोळंबायचं नाही. मामा कुणाच्या दाराशी थांबायचा नाही आणि कुणाला बोलवायचाही नाही. आवाज पुरे होता.

मग एका उन्हाळ्यात मामाने ठरवलं की गाडीचा आवाज बंद करायचा आणि रेडिओ नीट ऐकू येईल असा करायचा. त्यासाठी त्याने इस्माइलभाईंना गाठलं. इस्माइलभाई गॅरेजवाले, मामाचे जुने पेशंट. मामा सांगत गेला आणि ते करत गेले. आतल्या बैठका काढल्या, तळाच्या पत्र्यावर डांबर फासून त्यावर गोणपाट बसवलं, वर नमद्याचा जाड लोकरी थर, त्याच्यावर काथ्याची जाड चटई. दारांच्या कडांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. पायाशी जिथे जिथे भोकं होती तिथे चिंध्या कोंबल्या. गाडीतला फाटका स्पीकर काढून, एका बंद पडलेल्या घरगुती रेडिओचा मोठा स्पीकर लाकडी खोक्यात घालून मागच्या काचेपाशी बसवला. इंजिन चालू असताना रेडिओत येणारी खरखर जाईना, तेव्हा तारा पुन्हा दुसऱ्या बाजूने नेल्या. इस्माइलभाई घाम पुसत म्हणाले, "डॉक्टरसाब, गाडीला रजई घातली, गादी घातली. आता तिला अंगाई म्हणणारा एक माणूस ठेवा."

मला तो प्रकार अजिबात आवडला नव्हता आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ज्या गावांत औषधाची बाटली जात नाही तिथे गाणं ऐकत जायचं, हे मला पटणारं नव्हतं. मामा भांडला नाही. "गाणी नाही ऐकत मी," एवढंच म्हणाला. "बातम्या ऐकतो. एक माणूस सावकाश, स्पष्ट बोलतोय... तेवढं ऐकायचंय मला." त्याच सुमाराला सुमतीमामी घरात प्रत्येक गोष्ट दोनदा सांगू लागली होती. "पान वाढलंय," आणि लगेच पुन्हा, जरा वरच्या आवाजात, "पान वाढलंय." आम्हाला वाटायचं, वयामुळे तिला ही सवय लागली.

गाडी मुकी झाल्यावरच्या पहिल्या फेरीला मी बरोबर होते. बांधावरून जाताना चाकांखालची खडीसुद्धा ऐकू येत नव्हती. रस्त्याला कोणीच आलेलं नव्हतं. पुढच्या गावात एक म्हातारा भेटला, तोही सहज बाहेर बसलेला. मामा सगळ्या रस्त्याने सावकाश गेला आणि सावकाश परत आला. बॅग उघडावी लागली नव्हती. त्याचा चेहरा मला आठवतो, फार दिवसांनी इतका हलका दिसला होता. "आज गावं बरी आहेत," तो म्हणाला. "उन्हाळा मानवला म्हणायचा."

पुढच्या फेरीला पारूबाई रस्त्याच्या मधोमध उभी होती. मिठागरावर काम करणारी, मामाच्या हाताखाली तिची तिन्ही बाळंतपणं झालेली. मामाने गाडी थांबवली, काच खाली केली.

"मागल्या खेपंला तुमी आलाच नाय," ती म्हणाली.

"आलो होतो, पारूबाई. शेवटपर्यंत जाऊन आलो."

"मंग आवाज कुठं होता?"

मामाचा हात दाराच्या रबरी पट्टीवर गेला.

"पोरीला ताप होता. मी चुलीम्होरं बसून कान देऊन होते. कान देऊनच होते, डाक्टर." मग तिने शेताकडे नुसता हात केला. तिथे नवी माती दिसत होती.

मामा गाडीतून उतरला आणि तिच्या बरोबर तिथपर्यंत गेला. पारूबाई रडली नाही, ओरडली नाही. परत येताना ती घरात गेली आणि बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ घेऊन आली, पितळी घुंगरांची, चामड्याच्या पट्ट्यावर शिवलेली. तिने ती स्वतः गाडीच्या पुढच्या लोखंडी पट्टीला बांधली. "आता येवा," म्हणाली. मामाने दारांच्या पट्ट्या उखडून टाकल्या असत्या, नमदा फाडला असता, तर मला समजलं असतं. त्याने ते केलं नाही. का केलं नाही ते मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच झालं की पनवेलच्या बाजारातून डॉक्टरांची गाडी बैलगाडीसारखी छुमछुमत जायला लागली. पोरं मागे धावायची, दुकानदार विचारायचे, "डॉक्टर, शर्यतीला कधी उतरताय?" आणि खाडीकाठची माणसं पुन्हा रस्त्याला येऊ लागली.

असं बरेच महिने चाललं. पावसाळा संपल्यावर एका दुपारी आम्ही बांधावरून जात होतो. रेडिओ बंद होता. रस्त्याला कोणी दिसत नव्हतं, म्हणून मी कान दिला, आणि माझ्या लक्षात आलं की घुंगरं वाजत नाहीत. माळ कुठेतरी तुटून पडली होती. मी सांगणार इतक्यात मामा म्हणाला, "गोड वाजतात गं ही. पितळ चांगलं आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता, चेहऱ्यावर समाधान होतं. मी हळू आवाजात म्हटलं, "मामा, माळ पडलीय." त्याने मान हलवली, जशी आपण न ऐकलेल्या बोलण्याला हलवतो तशी. मी त्याच्या दंडाला हात लावला आणि पुन्हा म्हटलं, मोठ्याने. मग त्याने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"छातीला नळी लावली की आधी काहीतरी ऐकू यायचं," तो म्हणाला. "मग ते अंधुक झालं. मला वाटलं, दिवसभर या खडखडाटात बसतो, कान बधिर होत असतील. गाडी वाजत होती तोवर गाडीला बोल लावता येत होता. म्हणून म्हटलं, एकदा ती गप्प करून बघू... बातम्या देणारा माणूस नीट ऐकू येतो का बघू." मग तो हसला. "इस्माइलने काम चोख केलं. गाडीत काही दोष राहिला नाही."

त्यानंतर त्याने स्वतः गाडी चालवणं सोडलं. ज्याला मागचा हॉर्न ऐकू येत नाही त्याने गाडी चालवू नये, हे त्याचं म्हणणं. पेशंटलाही तो उघड सांगू लागला, मला छातीतलं ऐकू येत नाही, पनवेलला दुसऱ्या डॉक्टरला नाहीतर मुंबईला दाखवा. माणसं ऐकून घ्यायची आणि तिथेच बसून राहायची. पनवेलला जायचं कसं, आणि गेल्यावर मागे मिठागर कोण बघणार? मग तो पाठीवर तळवा ठेवून श्वास बघायचा, डोळे बघायचा, नखं बघायचा. गाडी शेडमध्ये गेली आणि मामा एसटीने जाऊ लागला, फाट्यापासून चालत.

आमचं शेवटचं भांडण त्यावरूनच झालं. दवाखान्याची मागणी घेऊन मी ज्या ज्या कचेरीत गेले तिथे मला एकच उत्तर मिळालं होतं: त्या गावांना डॉक्टर जातात ना. मी मामाला म्हटलं, तू जातोस म्हणून त्यांना काही करावं लागत नाही. तुझी गाडी वाजत होती तेव्हा तिच्या आवाजात आमची मागणी बुडाली, आणि आता तू पायी जातोस तरी ते तेच सांगतात. मी हे कानाशी नाही, समोर उभं राहून सांगितलं, कारण तो आता ओठ वाचत असे.

"मग जायचं थांबवू?" त्याने विचारलं.

थांब म्हणणं मला शक्य नव्हतं. आजही नाही. पण माझं म्हणणं चूक नव्हतं, हे मी आजही म्हणते.

शोकसभेत एकामागून एक सगळे बोलले. मामाने सेवेत देह ठेवला, असा मनुष्य होणे नाही, त्याचा आदर्श तरुणांनी घ्यावा. पुढच्या रांगेत तेच अधिकारी बसले होते ज्यांनी मला ते उत्तर दिलं होतं. मागे दाराशी पारूबाई आणि गावची माणसं उभी होती, त्यांना कुणी खुर्ची दिली नाही आणि बोलायलाही सांगितलं नाही. मी उठून एवढंच विचारलं, की उद्या त्या गावांत कोण जाणार. अध्यक्ष म्हणाले, हा प्रसंग त्याचा नाही. मग तो प्रसंग कोणता, हे मला कोणीतरी सांगावं. आपल्या तालुक्यात एक बहिरा माणूस पायी चालत होता म्हणून हजारो माणसांना डॉक्टर होता, आणि ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. हॉर्न दिला होता, म्हणतो. हॉर्न आमच्या पत्रकांनीही वर्षानुवर्षं दिला होता. तो ज्यांनी ऐकला नाही त्यांच्या कानांत काही दोष नव्हता.

परवा मामीकडे गेले होते. इस्माइलभाई अधूनमधून येऊन बॅटरी जिवंत ठेवतात, गाडी विकायचं मामी नाव काढत नाही. शेडमध्ये गेले, मामाच्या जागेवर बसले, दार ओढून घेतलं. बाहेर कावळे ओरडत होते, शेजारी कुणी लाकूड फोडत होतं. दार लागताच सगळं थांबलं. रेडिओचं बटण फिरवलं. आवाज शेवटच्या टोकाला ठेवलेला होता, मामाने ठेवलेला तसाच. बातम्या देणारा माणूस सावकाश, स्पष्ट बोलत होता आणि त्याच्या आवाजाने काचा थरथरत होत्या. कान दुखू लागले तरी मी बटणाला हात लावला नाही. मामाला यातलं किती पोचत असेल, याचा अंदाज घेत बसले.

मग काचेपलीकडे मामी दिसली. कधीची येऊन उभी होती कोण जाणे. तिचे ओठ हलत होते. मला काही ऐकू येईना. मी मान हलवली, तशीच, न ऐकता. तिने पुन्हा ओठ हलवले. मी काच खाली केली.

"जेवायला चल," ती म्हणाली. आणि लगेच, जरा वरच्या आवाजात, "जेवायला चल."