स्वयंपाकघरातली बांबूची जमीन

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ही वही कुणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. लिहिते, कारण चार माणसांत माझा आवाज घशातच राहतो.

आमचं घर पनवेलला लागून असलेल्या गावात. आता गाव म्हणायचं एवढंच, चारी बाजूंनी इमारती आल्या. स्वयंपाकघरात सासऱ्यांनी बसवलेली शहाबादी फरशी होती. ठिकठिकाणी फुटलेली, सांध्यांतून मुंग्या यायच्या. पण तिला मोरीकडे उतार होता. मी खाली बसून विळीवर मासळी करते. झालं की बादलीभर पाणी ओतायचं, खराटा फिरवायचा, पाणी आपोआप मोरीत. गावात सगळ्यांकडे असंच.

मुलाचं लग्न झालं. सून खारघरची, कॉलेजात नोकरीला, मनाने चांगली. फुटक्या फरशीला माझा पाय दोनदा अडखळलेला तिने पाहिला आणि म्हणाली, "आई, जमीन बदलूया. पण टाइल्स नकोत. त्या भाजायला केवढा गॅस जळतो, आणि काढल्या की लोक खाडीत नेऊन टाकतात." ते मला पटलं. खाडीत पडलेले ढीग मी रोज बघते.

मुलाच्या पगारातून गाडीचा हप्ता जायचा. बचत गटातून माझ्या नावावर कर्ज काढते, एवढं मात्र मी बोलले.

पळस्प्याच्या बाजूला एका दुकानात आम्ही घरचे सगळे गेलो. सुनेला बांबूच्या फळ्या आवडल्या. दिसायला खरंच छान, एकीत एक अडकवून बसवायच्या. बांबू तोडला तरी परत फुटतो, झाड मरत नाही, असं तिने मला समजावलं. दुकानदार भला माणूस. माझ्याकडे वळून म्हणाला, "काकी, वापरणार तुम्ही. स्वयंपाकघरात पाणी किती सांडतं?"

"फारसं नाही," सून म्हणाली. "सिंक आहे ना."

सिंक तिनेच बसवून घेतला होता. मी त्यात भांडीसुद्धा घासत नव्हते. माझ्या माहेरी मिठागर होतं. मीठ वाहायच्या बांबूच्या पाट्या पाण्यात राहिल्या की कशा फुगतात, कशी सालपटं निघतात, ते मी पाहिलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "चालेल."

माझा नवरा हसला. "तिला काय इचारता? लग्नाला इचारलं तवापण गप्पच होती. गप्प म्हणजे हो."

मिस्त्री आला आणि त्याने आधी जमीन एकसारखी करून घेतली. फळ्यांना उतार चालत नाही म्हणे. माझ्या डोळ्यांदेखत मोरीकडचा उतार सिमेंटने भरला. जुन्या फरशा थोरली जाऊ परसात बसवायला घेऊन गेली.

महिनाभर मी फडक्याने पुसून काढत होते. वास जायचा नाही, म्हणून विळी घेऊन मागच्या दारी बसायला लागले. सुनेला वाटलं, मला मोकळ्या हवेत बरं वाटतं.

मग थोरल्या जावेच्या मुलाची हळद आली. अर्धा स्वयंपाक आमच्याकडे. सात-आठ बायका बांबूवर बसून कोळंबी सोलत होत्या. काम झालं तशी जाऊ उठली आणि तिने सवयीने बादली उचलली. मी दारातच उभी होते. नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर पाणी ओतून झालं होतं.

पाणी जागचं हललं नाही.

"अगं बाय," जाऊ म्हणाली, "पानी कुठं जातच नाय! मोरी माहेरी धाडलीस का तुजी?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग जुनी लुगडी आणून टिपत बसले. पण फटींतून आत गेलेलं कुठून टिपणार? आठ दिवसांत फळ्या मधोमध फुगून वर आल्या, पाय ठेवला की करकरायला लागल्या. दुकानदार म्हणाला, पाण्यात गेलेला माल परत घेता येत नाही.

"तुला माहीत होतं ना?" मुलगा चिडला. "मग बोलली का नाहीस?"

सून खाली बसून एक फळी तळव्याने दाबून बघत होती. ती सोडली की परत वर यायची. सून हळूच म्हणाली, "एकदा सांगायचं होतं, आई. मी ऐकलं असतं."

तिने खरंच ऐकलं असतं. म्हणून तर जास्त वाईट वाटलं.

फळ्या उपटल्या. खाली नुसतं सपाट सिमेंट राहिलं. पहिलं कर्ज फिटल्याशिवाय गट दुसरं देत नाही. कामोठ्यातल्या एका खानावळीला मी तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायला लागले. सून हप्ता भरायला पुढे आली, तिला मी नुसती मान हलवून नाही म्हटलं.

गेल्या बैठकीत शेवटचा हप्ता दिला. आमची अध्यक्षीण म्हणाली, "चला, सुटलीस. नवीन काढतेस का लगेच? या खेपेला टाइल्सच लाव, घरात सगळ्यांचं तेच म्हणणं हाय ना?"

सून शेजारीच बसली होती. काहीही बसवा, पण मोरीकडे उतार ठेवा, एवढंच सांगायचं होतं. बायका थांबल्या होत्या. मी पदर नीट केला, गटाची वही पुढे ओढली आणि शेवटच्या हप्त्याच्या रकान्यात माझ्या नावापुढे सही केली. कर्ज पूर्ण फिटलं.